परातीतले जुने खडे

लातूर,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना शरणार्थ. दाजींचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. आज श्रावणी सोमवार, माझा उपास. त्यामुळे नऊलाच स्वयंपाकघर आवरलं आणि आता घरात करायला काही उरलं नाही. वर्षभर अबोला धरून आज एकदम पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू मध्येच बोलतेस, कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येईल.

आपली उज्वला नोकरीला लागली! इथल्या एका दालमिलने डाउन सिंड्रोमची, गतिमंद अशी सहा मुलंमुली कामाला घेतली, त्यात ती. मशीनमधून सुटलेले खडे आणि काळे दाणे वेचायचे. गळ्यात ओळखपत्र, डोक्याला टोपी, साडेआठला दारात रिक्षा. चोविसाव्या वर्षी पोरीने माझ्याकडून डबा भरून घेतला. तिथल्या बुशरा मॅडम मला म्हणाल्या, "काकू, मशीनला दिसत न्हाई ते हिला दिसतंय. कुणी शिकवलं?"

मी नुसती हसले. ते तुलाही कधी सांगितलं नाही. हे गेल्यापासून दुपार झाली की उज्वला कासावीस व्हायची, दार उघडून रस्त्यावर जायची. मग मी निवडलेल्याच डाळीत मूठभर खडे मिसळायचे आणि परात तिच्यापुढे ठेवायचे. दोन तास पोरगी शांत. वेचलेले खडे डब्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा डाळीत. अकरा वर्षं आमची डाळ काही निवडून संपली नाही. मी समोर बसून बडबड करायचे, ती हं हं करायची.

आता दुपारी कुणाशी बोलू? टीव्ही लावते, बंद करते. घर खायला उठतं.

अक्का, खरं लिहिते. मागच्या मंगळवारी मी मिलला फोन केला. उज्वलाला चक्कर येते, तिला काम नको झालंय, असं सांगितलं. पोरगी ठणठणीत होती. तिला म्हटलं, मिल बंद आहे. तरी ती रोज ओळखपत्र घालून, रिकामा डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची. बुशरा मॅडमचा फोन आला, "सोमवारपर्यंत जागा ठेवते काकू, मग दुसरीला द्यावी लागंल." मी हो म्हटलं. आणि मला बरं वाटलं. आईला असं बरं वाटावं?

शनिवारी परात काढली, खडे मिसळले, तिच्यापुढे ठेवली. तिने पाच मिनिटांत सगळे वेचून माझ्या हातावर ठेवले.

"आई, हे आपलेच हायत."

"काय आपलेच?"

"खडे. हा लाल. हा चपटा. तूच टाकतीस." मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तुला करमत न्हाई, म्हणून मी बसत हुते."

अकरा वर्षं मी समजत होते, मी तिला सांभाळते.

गेल्या वर्षी तू म्हणालीस, "ती तुला धरून न्हाई शिवकन्ये, तूच तिला धरून हायस." त्यावर मी तुला नाही नाही ते बोलले. तुझं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. माफ कर.

शनिवारीच उज्वलासमोर बुशरा मॅडमला फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी पाठवा. पण तिच्या नावानं परत खोटं बोलू नका काकू."

आज सकाळी उज्वला गेली. रिक्षात बसल्यावर मागे वळूनही पाहिलं नाही. खडे मी जास्वंदीच्या कुंडीत टाकले. आता अकरा वाजलेत, रिक्षा साडेपाचला येते.

तू ये, अक्का. राग असला तरी ये. येताना घरची तूरडाळ आण, पण निवडून आणू नकोस. खड्यांसकट आण.

दुपारभर घरीच असलेली,
तुझी शिवकन्या