लीडरनं मागं पाहायचं नसते

१ जानेवारी, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प: टँगो. दोन फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी मी आणि इरावती सगळ्यांसमोर नाचणार. तेलीबांध्याला, तळ्याकाठी, आमच्या बिल्डिंगमागेच शर्मिष्ठा मॅडमचा क्लास आहे. या नाचात पुरुषानं लीड करायचं असते. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या रोलिंग मिलमध्ये मी अख्खी शिफ्ट चालवतो. एका बायकोचं काय घेऊन बसलात!
इरावतीला सांगितलं. म्हणाली, मले विचारलं काहून नाही? म्हटलं, सरप्राइज असंच असते.

१ जानेवारी, दुपार
मराठी मंडळाच्या ग्रुपवर प्रोग्राम टाकून दिला. तात्यापारा मोहल्ल्यातले सगळे येऊन राहिले. आता माघार नाही.

५ जानेवारी, रविवार
पहिला क्लास. नाचाचं डिझाइनच चुकलं आहे. बाई उलटी चालते, पुरुष तिच्याकडे तोंड करून. आम्ही पंचवीस वर्षं सरळ चालून राहिलो, मी पुढं, ती मागं. सुधारणा सुचवली की मी पुढं निघतो, ती मागून येईल. मॅडम म्हणाल्या, भैया, उसको टँगो नहीं, बारात बोलते हैं.
हातानं ढकलायचं नाही म्हणे. छातीतून सांगायचं. आणि त्याआधी तिचं वजन कोणत्या पायावर आहे ते ऐकायचं. वजन ऐकायचं! आमच्या मिलमध्ये काट्यावर पाहतात.

८ जानेवारी
घरी प्रॅक्टिस. सोफा सरकवला. क्लिअर इन्स्ट्रक्शन दिल्या: डावा, उजवा, थांब, आता वळ. तरी माझा पाय तिच्या पायावर पडला. तिनं वेळेवर उचलला नाही.
आमची पोरगी राधिका खोलीतून बाहेर आली. म्हणाली, पापा, मम्मी ट्रॉली नहीं है. या पोट्टीला मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतच देते. बापाला सल्ला देण्याआधी करिअरचं पाहावं.

१२ जानेवारी, रविवार
क्लासमध्ये मधात पार्टनर बदलायची रीत आहे. इरावतीच्या वाट्याला बंडू आला. आपल्याच मंडळाचा, रेल्वेच्या अकाउंट्समधला. पोट पुढं, तोंडातून शब्द नाही. इरावतीनं नाचता नाचता डोळेच मिटून घेतले. बिचारी, बोअर झाली असन. माझ्यासोबत मात्र डोळे टक्क उघडे, नजर माझ्या बुटांवर. याला म्हणतात लक्ष!
माझ्या वाट्याला डेंटिस्ट प्रमोदिनीताई. गाणं संपल्यावर म्हणाल्या, तुम्हाला कुठं जायची घाई आहे का? एनर्जी लोकांच्या डोळ्यात भरते.

१६ जानेवारी, सकाळ
तळ्याची फेरी. इथं राहायला आल्यापासूनचा नेम आहे, चार वर्षं होतील. मी पुढं, ती मागं. लीडरनं मागं पाहायचं नसते, अविश्वास दिसतो. फेरीभर मी बोलतो. मिलचं, राजकारणाचं, राधिकाच्या करिअरचं. ती एकदाही मधात तोडत नाही. मॅडम ज्याले कनेक्शन कनेक्शन म्हणून राहिल्या ते हेच! आमच्याकडे आधीपासून आहे.
फेरी मारून तळ्याच्या गेटवर पोचलो की ती हजर. चेहरा ताजा, घामाचा थेंब नाही. बाईचा स्टॅमिना मानला पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार
घरी येताना इरावतीनं सांगून टाकलं की दोन तारखेला ती माझ्यासोबत नाचणार नाही. म्हणे, बंडूभाऊंसोबत नाचीन, नाही तर बसून राहीन. काहून म्हणून विचारलं. म्हणाली, तुमच्यासोबत डोळे मिटले तर भिंतीवर आदळीन.
वाईट वाटलं. भिंत चांगली लांब होती.

२२ जानेवारी
बंडूला फोन लावला. टेक्निक विचारली. म्हणाला, मी काही करत नाही भाऊ. वहिनी कुठं आहेत तेवढं पाहतो, मग निघतो. सांगायचं नसन तर सरळ नाही म्हणावं माणसानं.

२६ जानेवारी, रविवार
इरावतीनं मॅडमसमोर एक चान्स द्यायचं कबूल केलं. अट अशी की मॅडमचा होमवर्क करायचा. उद्या तळ्यावर एक शब्द बोलायचा नाही. नुसती तिची पावलं ऐकायची. म्हटलं, हव. एवढंच?

२७ जानेवारी, सकाळ
तोंड बंद ठेवलं. लय जड गेलं. कान मागं लावले. काहीच ऐकू येईना. आधी वाटलं रस्त्यावरच्या गाड्यांमुळे असन. मग वाटलं, बाईची चालच हलकी आहे. अर्धं तळं संपलं तरी चपलेचा आवाज नाही. शेवटी नियम मोडला. मागं पाहिलं.
कोणीच नव्हतं. एक काका प्राणायाम करून राहिले होते.
घाबरलो. खोटं काहून लिहू? धावत परत आलो. इरावती गेटजवळच्या बाकावर बसली होती. कानात इअरफोन, डोळे मिटलेले, पाय जागच्या जागी टँगो करून राहिले. मले पाहून दचकली. म्हणाली, आज अर्धीच?
विचारलं, कधीपासून बसते इथं? म्हणाली, पहिल्याच हप्त्यापासून. चपलेचा अंगठा तुटला होता. मी हाका मारल्या, तुम्ही बोलत बोलत निघून गेले. फेरी मारून आले तेव्हाही बोलूनच राहिले होते. मग मी रोज बसायला लागली.
चार वर्षं. राधिकाच्या करिअरचं मी मग कोणाला सांगितलं?

२ फेब्रुवारी, रविवार
हॉल भरलेला. ठरवलेल्या सगळ्या स्टेप रद्द केल्या. इरावतीसमोर उभा राहिलो आणि वजन ऐकायला लागलो. ऐकू येईना, म्हणून निघालोच नाही. जवळजवळ सगळं गाणं गेलं. मंडळाचे लोक कुजबुजून राहिले, तब्येत बरी आहे नं यांची? मग कळलं. उजव्या पायावर होती. खरंच कळलं! निघालो. दोन-चार पावलं झाली असन आणि गाणं संपलं. टाळ्या बंडूनं वाजवल्या, एकट्यानं.
घरी सोबत चालत आलो. बाजूबाजूनं. मी काही बोललो नाही. बिल्डिंगपाशी आल्यावर राहवलं नाही, विचारलं, डोळे मिटले होते काय?
म्हणाली, एक.