लिॲनला घराबाहेर काढ

प्रिय आई,

एवढं लांबलचक पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. इथे शेटलंड बेटांवर समुद्रातल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर काम चालू आहे, आणि पाच नोकऱ्या सोडलेला तुझा मुलगा सहाव्या नोकरीत चक्क आठ महिने टिकलाय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मध्येच चहाची किटली ठेवायला उठतेस, म्हणून लिहितोय.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. लिॲन रडत नव्हती, चिडली होती. दोन खोल्यांत तू, बाबा आणि आपले धाकटे जुळे, आणि ती चार महिन्यांच्या मेबलला घेऊन सोफ्यावर. खासगी घरांची भाडी तिला झेपणारी नाहीत. दर गुरुवारी कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घरांची यादी लागते, ही नाव घालते, आणि नंबर येतो एकशे चौदावा. कौन्सिलच्या खिडकीवरच्या बाईने तिला स्पष्टच सांगितलं, "पोरी, आई ठेवून घेतेय तोवर तू रांगेच्या शेपटालाच. अमुक तारखेनंतर घरात ठेवू शकत नाही, असं आईच्या सहीचं पत्र आण, मग बेघर म्हणून वर सरकशील." आणि तू म्हणे रोज कागद पुढ्यात घेतेस आणि पेन खाली ठेवतेस.

शेजारची डॉट काय म्हणेल, असं तुझं म्हणणं. डॉट म्हणणारच, "बघा, मॉरीनने लेकीला तान्ह्या पोरीसकट हाकललं!" अगं, तिच्या दोन्ही पोरांना घरं अशाच पत्रांवर मिळालीत. आपल्या गल्लीतल्या निम्म्या आयांनी पोरं कागदावर हाकलली आणि रविवारी जेवायला बोलावली. आणि यात खोटं काय आहे? जागा नाही म्हणजे नाही. कौन्सिलचा माणूस खात्री करायला येईल, येऊ दे. त्याला उभं राहायला जागा सापडली तर मला कळव.

येत्या गुरुवारी शाळेमागचे फ्लॅट यादीत येतायत. बुधवारपर्यंत तुझं पत्र कौन्सिलात पोचलं तर त्यातला एक लिॲनचा, पैज लाव.

पण डॉट हे निमित्त आहे, ते मलाही कळतं. तू लिॲनला म्हणालीस, "एका पोराला घराबाहेर काढलं, तेवढं पुरे झालं." सहा वर्षांत हे तू माझ्याकडे कधी बोलली नाहीस, आणि मीही एक गोष्ट बोललो नाही. त्या दिवशी तू माझी बॅग दाराबाहेर ठेवलीस, "चालता हो" म्हणालीस, आणि मी थांब्यावर जाऊन बसलो. एक बस सोडली, दुसरी सोडली. तिसरी येऊन उभी राहिली तेव्हा तू कोपऱ्यावरून पळत येताना दिसलीस, अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. तुला वाटतं, मी तुला पाहिलं नाही. पाहिलं, आई. पाहिलं आणि चढलो, कारण मला जायचंच होतं. तू मला काढलं नाहीस, मी गेलो. एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली. तुला चारच ओळी लिहायच्यात. लिही.

तुझाच पळपुटा,
कीरन