सरपंचबाईंना, भोंग्यानंतर

रेवती,

तू आतून कडी लावलीस, म्हणून चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. वरण गरम केलंय, भाकरी टोपल्यात आहेत.

गावाची नगरपंचायत होणार, ग्रामपंचायत बरखास्त, तुझं सरपंचपद त्याच दिवशी संपणार, हे मला आठवडाभर आधी कळलं होतं. तहसीलदारसाहेब म्हणाले, "सर, लोकांपर्यंत नीट पोचलं पाहिजे. तुमची भाषा सोपी, आवाज खणखणीत." मी मजकूर लिहिला, माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिला, रिक्षाला भोंगा बांधायलाही उभा राहिलो. घरात सांगायचं तेवढं राहिलं. रोज जेवताना ठरवायचो आणि लोणचं मागायचो.

सकाळी तू ओट्यावर बायांच्या दाखल्यांवर सह्या करत होतीस, तेवढ्यात रिक्षा आली. "बाई, ह्यो तर तुमच्या मालकाचा आवाज हाय," शेजारची खतीजाबी म्हणाली. तू पेनाला टोपण लावलंस. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर आलो नाही.

नंतर तू एवढंच विचारलंस, "मला काहून न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, "सूचना सर्वांसाठीच होती." भोंग्यापेक्षा त्या उत्तराची लाज वाटते.

आता रिक्षा वरच्या गल्लीत, तुझ्या आईंच्या दारावरून जाणार आहे. त्या अजून लेकीला सरपंच म्हणूनच हाक मारतात. मी रिक्षा चौकातच अडवायला निघालोय. आईंना काय सांगायचं, कसं सांगायचं, ते तुझं तू ठरव. तू त्यांच्याकडे जाऊन येईपर्यंत भोंगा बंद राहील, आणि मीही.

राधाकृष्ण