चार छिद्रांची अळंबी

ती. मावशीस,

वाकून नमस्कार, पण प्लास्टर नसलेल्या पायाला. दुसरा अजून स्टुलावरच असेल आणि त्याखाली एक उशी द्यावी की दोन, यावरून मामा-मामींचं चालूच असेल. प्लास्टरमध्ये खाजवायला विणायची सुई घालू नका असं डॉक्टर बजावून गेले होते. तू घालतेस हे मला माहीत आहे. इकडे तुझं घर मी नीट सांभाळते आहे. झाडांना रोज पाणी घालते. (एक झाड गेलं. ते आधीपासूनच जायच्या विचारात होतं.)

मुख्य बातमी मंडळाने तुला कळवली असेलच, की तुझ्या फोटो मंडळाच्या प्रदर्शनात यंदा तुला पहिलं बक्षीस मिळालं आहे. एकोणीस वर्षं एकही प्रदर्शन न चुकवता फोटो दिलास आणि कुणी उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही. आणि विसाव्या वर्षी, पाय मोडून दुसऱ्या गावी पडलेली असताना एकदम पहिलं. जाताना कॅमेरा माझ्या हातात कोंबून म्हणाली होतीस, "माझ्या नावाने काहीही दे, पण वर्ष चुकू देऊ नकोस." काहीही दिलं. कसं दिलं ते सांगते. वाचायच्या आधी सुई बाहेर काढून ठेव.

यंदाचा विषय होता 'रोजचं, पण न पाहिलेलं'. म्हणून मी आधी बाजारात गेले. कोपऱ्यावरच्या भाजीवालीचे टोमॅटो उन्हात असे काही चमकत होते की मी कॅमेरा उचलला. ती म्हणाली, "थांब गं, अशा अवतारात नको, केस विंचरून येते. तोवर बस इथे." बसले. (मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेलं आहे.) गिऱ्हाइकं येत गेली. कुणी विचारलं, मी दिलं. काटा मला जमेना, म्हणून हाताने अंदाज घेऊन देत होते, आणि तो अंदाज लोकांना फार आवडला असावा, कारण रांग लागली. पाऊण तासाने बाई वेणी घालून, पावडर लावून, सोबत जावेला घेऊन आली, तेव्हा एक सुकलेली मिरची सोडून काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, काढू का? तर म्हणाली, "रिकाम्या टोपल्यांबरोबर काढून घेऊ? दिवाळं निघालं म्हणून?" तेव्हापासून मी भाजी दुसऱ्या बाजारातून आणते.

मग गावाबाहेरच्या रानात गेले. थंडी होती, म्हणून तुझ्या कपाटातला तपकिरी कोट घातला. (विचारलं नाही. पाय दुखत असेल, उगाच कशाला त्रास, म्हणून.) तासभर फिरून काही मिळालं नाही. एका झाडाखाली पानांचा चांगला कुजलेला थर दिसला, तिथे गुडघ्यावर बसले, मग पोटावर झोपले, इकडून तिकडे सरपटले, आणि अगदी नाकासमोर मला ती दिसली. पानांतून अर्धी वर आलेली, गोल, तपकिरी, तुकतुकीत अळंबी. मधोमध चार बारीक छिद्रं. मी श्वास रोखून फोटो काढायला लागले. थोड्या वेळाने मागून कुणी तरी कुजबुजलं, "हलतंय का?" सकाळी फिरायला येणारे एक दातांचे डॉक्टर होते. मी मान हलवली. "मग थांबू या," असं म्हणून ते बायकोसह माझ्यामागे उभे राहिले. त्यांच्यामागे पोस्टमन, त्याच्यामागे सायकलवाले तिघे. कशाची रांग आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मध्ये घुसणाऱ्याला सगळे ओरडत होते. शेवटी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त मास्तर आले. भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि डोळे पुसले. म्हणाले, "चार छिद्रांची. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, की अशी नसते." दुपारी वनरक्षकाने भोवती दोरी बांधली.

घरी येऊन कोट काढला. खालून दुसरं बटण नव्हतं. नुसता दोरा लोंबत होता, तुझा तो हिरवा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण फोटो द्यायचा शेवटचा दिवस तोच होता, आणि माझ्याकडे ती अळंबी सोडून सुकलेली एक मिरची होती. वर्ष चुकू दिलं नाही, एवढंच म्हणते. परीक्षक तेच मास्तर होते.

मामा-मामींना नमस्कार. उशी एकच पुरे.

तुझीच,
भाची

ता. क. रविवारी बक्षीस घ्यायला तपकिरी कोट घालून येईन, असं तू मंडळाला कळवलंस म्हणे. नको. उरलेली तीन बटणं अगदी तशीच आहेत.

ता. क. २ मला राहवलं नाही. काल मंडळाच्या अध्यक्षांना खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आता कुंपण घातलंय, बाई." पाटीही लावली आहे. शिवाय मास्तरांना तिथेच आणखी दोन सापडल्या. मी कोट पुन्हा तपासला, तीन जागच्या जागी आहेत. मग त्या कुणाच्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ता. क. ३ पत्र लिहायला घेतलं ते खरं यासाठी. जाताना दारात तू मला कॅमेरा शिकवत होतीस, तेव्हा माझं बोट पडून एक फोटो निघाला. चष्मा डोक्यावर, कुबडी माझ्यावर रोखलेली, आणि तू ओरडते आहेस, "अगं, झाकण काढलंस का?" काढलं होतं. तुझे एकोणीस वर्षांचे सगळे अल्बम मी बसून पाहिले. (झाड त्याच आठवड्यात गेलं.) सगळं गाव आहे त्यांत, तू एकाही पानावर नाहीस. विषयाला तो फोटो द्यायला हवा होता, पण तुझा फोटो तुझ्या नावाने कसा देणार? आता अध्यक्ष म्हणतात, नवीन सभासद म्हणून माझ्या नावाने भिंतीवर लावू, फक्त फोटोतल्या बाईंची लेखी परवानगी आणा. तेवढ्या दोन ओळी पाठव. तुझं विसावं वर्ष बटणाने भरलं, माझं पहिलं तुझ्याने भरू दे.

तुझ्या फोटोला तू कधीच हो म्हणत नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, कोट माझ्याकडे आहे, आणि ओळी आल्या नाहीत तर रविवारी मी तो घालून पहिल्या रांगेत बसणार आहे.