प्रत्येक फेरीनंतर गुण

२ मार्च, सकाळी ७
काल हरलो. म्हणजे हरवला गेलो. तीन पंचांपैकी दोघे समोरच्या डावखुऱ्या बॉक्सरच्या बाजूने, एक माझ्या. कोणी कोणाला गुण दिले ते बंद पाकिटात. पण मला न सांगता कळतं. माझ्या बाजूचे ते सर. चौदा वर्षं त्यांनीच शिकवलं, आता पंच झालेत. चष्मेवाल्या पंचाने केसाने गळा कापला. तिसऱ्या पंच, पीटीच्या बाई, त्यांना तर बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही.
मॅचनंतर सरांचे दोन्ही हात धरून रडलो. तेही गहिवरले.
ओठ सुजलाय. लिफ्टच्या कामावर रजा.

५ मार्च
संकल्प: रोज पाच किलोमीटर पळणे. आज ओठामुळे नाही.
असोसिएशनला अर्ज दिला: प्रत्येक फेरी संपली की गुण फलकावर लावा. होऊ दे सोक्षमोक्ष. चष्मेवाल्याविरुद्ध वेगळी तक्रार, दोन पानी. डोळे तपासण्याची मागणी.
दादा कोपऱ्यात माझा कोच असतो, पण सख्खा भाऊ असून विरोधात. म्हणे, पुढे आहे असं दिसलं की डावखुरा पळत सुटेल. मग खेळ शिवाशिवी.
बायकोने विचारलं, तूच मागे दिसलास तर? मी म्हणालो, पुढे असताना मागे कसा दिसेन? ती कपडे वाळत घालायला गेली. पटलं असावं.

१९ मार्च
अर्ज मंजूर! प्रयोग म्हणून, माझ्याच रीमॅचला. सेक्रेटरी म्हणाले, आता फोन करू नका. पंच तेच तिघे ठेवा असा आग्रह मीच धरला.
आतापर्यंतचं पळणं: एकदा. बसच्या मागे.

२ एप्रिल, दुपारी
संध्याकाळी मॅच. चार फेऱ्या. शांत आहे. बायको येणार. चष्मेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

३ एप्रिल
पहिली फेरी: तिघांकडूनही मला ९, त्याला १०. मला वाटलं फलक उलटा लावलाय. तसं रेफरीला सांगितलंही.
दुसरी: पुन्हा तेच. सरांकडे बघत राहिलो. घंटा झालेली कळली नाही. नाकावर ठोसा बसला.
तिसरी: डावखुरा पळत सुटला. दादाने कोपऱ्यातून नुसतं फलकाकडे बोट दाखवलं.
चौथी: त्याला दोरीशी गाठलं. डाव्या हाताचा असा हुक बसवला, की त्याचे गुडघे वाकले. आयुष्यातला सर्वोत्तम. सरांनी तीही फेरी त्यालाच दिली. पीटीच्या बाईंनीही. मला दिली फक्त चष्मेवाल्याने.

५ एप्रिल
सरांच्या घरी गेलो. विचारलं, मागच्या वेळी मला दिलेत, या वेळी का नाही? ते म्हणाले, मागच्या वेळी कुठे? तेव्हा तुला गुण दिले होते ते चष्मेवाल्यांनी.
मग मी हात धरून रडलो तेव्हा बोलला का नाहीत?
म्हणाले, "मला वाटलं, तू खेळ सोडतोयस. निरोप घेतोयस."
चहा अर्धा टाकून आलो.

७ एप्रिल
असोसिएशनला नवा अर्ज: गुण गुप्तच ठेवावेत. कारण: खेळाडूचं मनोबल. सेक्रेटरींनी वाचला आणि हसले. प्रयोग लोकांना फार आवडलाय म्हणे. निकाल कळल्यामुळे अर्धं सभागृह वेळेवर घरी पोचलं.
घरी आल्यावर बायकोला विचारलं, तो हुक कसा वाटला?
ती म्हणाली, कुठला?
चौथ्या फेरीतला.
मग म्हणाली, तीन फेऱ्यांनंतर फलक बघितला, आणि म्हटलं गर्दीच्या आधी निघावं. तुझ्यासाठी बर्फ लावायचा होता ना फ्रीजमध्ये.
म्हणजे त्या हुकची कदर करणारा माणूस जगात एकच. त्याच्याविरुद्धची तक्रार मागे घ्यावी का, याचा विचार करतोय. दोन पानं मेहनतीने लिहिली होती.