तापाच्या वॉर्डमागचा उतार

बर्मिंगहॅम, २००६

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. आज लिहितेय, कारण एक गोष्ट कबूल करायची आहे आणि आईला फोनवर सांगायचा धीर होत नाही.

उत्तर आयर्लंडमधलं तुमचं हॉस्पिटल बंद झालं. तिथे आता फ्लॅट्स होणार. जागेचा सर्व्हे करायला आमच्या ऑफिसने कोणाला पाठवावं? मला!

लहानपणी त्या दगडी इमारतीभोवती तुम्ही मला फिरवायचात. "खिडक्या एवढ्या उंच का, सांग बरं?" मी कुरकुरायचे, "बाबा, घरी जाऊ या ना!" मग तुम्हीच सांगायचात. दीडशे वर्षांपूर्वी बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा हे गरिबांचं वर्कहाउस होतं, म्हणजे राबवून घेऊन जेमतेम पोटाला देणारी जागा. दारातच नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. एकमेकांना दिसूसुद्धा नयेत! तुमच्या काही म्हाताऱ्या पेशंट तिथे अ‍ॅडमिट व्हायलाच घाबरायच्या. त्यांच्यासाठी ते शेवटपर्यंत वर्कहाउसच होतं.

आणि मागे तापाचा वॉर्ड, त्यामागे गवताचा उतार. तिथे तुम्ही बूट काढून चालायचात. "खाली माणसं पुरलीयत, रेवा. नावं नाहीत." शाळेतल्या मुली बघतील म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा, मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "रिकामी जागा. पार्किंगला योग्य." जुन्या नकाशांवर खूण नव्हती. लहानपणची आठवण हा काही पुरावा नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुम्ही तरी हे कुठे लिहून का नाही ठेवलंत?

गेल्या आठवड्यात गावकऱ्यांच्या मीटिंगला तुमच्या वॉर्डच्या सिस्टर ब्रिजेट आल्या होत्या. थकल्यात खूप. माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरांची मुलगी ना तू? माझ्या पणजीची दोन भावंडं त्या उतारावर आहेत. तुझ्या वडिलांना मीच सांगितलं होतं. ते तुला कधी बोलले नाहीत?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच. त्यांनी मान हलवली आणि माझा हात सोडला. मी तुम्हालाच खोटं पाडलं, बाबा!

आज सकाळी रिपोर्ट मागे घेतला. साहेब म्हणाले, "यानंतर इथे तुझी जागा राहील असं धरून चालू नकोस."

गुरुवारी कौन्सिलपुढे फ्लॅट्सच्या परवानगीची सुनावणी आहे. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. पण ब्रिजेट तिथे असतील. सगळ्यांदेखत त्यांच्याकडे बघून मी सांगेन, "मला माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं."

तुमची,
रेवा