‘बारूद बायपास’चं परीक्षण आणि देवयानीचं स्थळ

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार

तीर्थरूप अक्कास,

सुधन्वाचा साष्टांग नमस्कार. अण्णासाहेबांना वेगळा नमस्कार सांग, मागच्या खेपेला दोघांना एकातच भागवलं म्हणून ते रुसले होते (मेहुणे वयाने मोठे आणि रागानेही). तुझा गुडघा कसा आहे? आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे हवेमुळे सगळे खोकतो आहोत, पण दिल्लीत ह्यालाच खुशाल म्हणतात. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस, आणि समीक्षकाला मुद्द्यापर्यंत पोचायला ऐसपैस जागा लागते.

तर देवयानीचं स्थळ. ‘तू मुलगा बघ आणि हो की नाही ते कळव, तुझा शब्द अखेरचा’ असं म्हणून अण्णासाहेबांनी पोरीचं अख्खं आयुष्य माझ्या गळ्यात टाकलं. (ती नोकरीसाठी वर्षभर आमच्याकडे राहते, तेव्हा मामाला सुटका नाहीच.) मुलगा उदयसिंह, इथल्या कॅन्टोन्मेंटमधल्या सुभेदार हिंमतरावांचा. मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यात नव्या गाड्या चालवून तपासतो. आता मुलगा बघायचा म्हणजे पोहे, चहा, चार प्रश्न, संपलं. पण हिंमतरावांचा निरोप आला की आमचा पोरगा सिनेमात आहे, ‘बारूद बायपास’मध्ये हिरोच्या जागी गाडी तोच चालवतो, तेव्हा सगळे मिळून पिक्चरच बघू. अक्का, इथल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकात नऊ वर्षं चित्रपटांची परीक्षणं कोण लिहितं? मी! म्हटलं, अच्छा, आले की नाही आपणहून माझ्या अंगणात!

चित्रपट दिल्लीतून केव्हाच उतरला होता. गाझियाबादच्या एका मॉलमध्ये दुपारचा एक खेळ उरला होता (दोष पहिला, आणि तो तिकीट काढण्याआधीच). हिंमतराव आणि त्यांच्या मंडळी हौसाबाई मेट्रोने परस्पर येणार होते. अलकनंदा, देवयानी आणि मी, आम्हा तिघांना न्यायला उदयसिंह स्वतः गाडी घेऊन आला. मी पुढे बसलो, पट्टा ओढून ओढून पाहिला, मनात रामरक्षा सुरू केली. पण कसलं काय! रस्ता चांगला रुंद आणि हा चाळीसच्या वर जाईना. पिवळा दिवा दिसला की थांबला. सायकलवाला आडवा आला तर हात करून ‘आप चलिए’ म्हणाला. अगं, पडद्यावर ट्रकखालून गाडी काढणारा माणूस हाच ना? ह्याला आम्ही समीक्षक पात्ररेखाटनातली विसंगती म्हणतो आणि त्याचे गुण कापतो.

आता चित्रपटाकडे वळू. सैन्यातून बडतर्फ झालेला हिरो, बायपासवर धावणारा स्फोटकांचा टँकर, आणि बटण दाबण्याआधी दहा मिनिटं भाषण करणारा व्हिलन (ह्या लोकांना काम कमी आणि बोलणं फार, आमच्या सरकारी खात्यात सहज खपले असते). पाठलाग मात्र बिल्कुल जमलेला. माझे पॉपकॉर्न पुढच्या बाईंच्या अंबाड्यात गेले आणि ना मला कळलं ना त्यांना, अशी पकड! पण मध्यंतरानंतर सगळा आनंद. हिरोला गोळी लागते ती सोयीने दंडाला, आणि पट्टी बांधायला नायिका डॉक्टर निघते. हिंमतराव हिरोचे वाढलेले केस पाहून ‘हजेरीला असा उभा राहिला असता तर!’ म्हणून दातओठ खात होते. हौसाबाईंची कथा निराळीच. गाडी उलटली की ‘उदय रं माझ्या!’ म्हणून किंचाळायच्या, आणि हिरोने नायिकेला मिठी मारली की उठून उभ्या राहून अख्ख्या थिएटरला सांगायच्या, ‘ह्यो आमचा न्हाई बरं का! आमचा निस्ता गाडीतला!’ मागच्या रांगेतल्या हिंदीभाषकांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगा कसा दिसला म्हणशील, तर हेल्मेट, पाठमोरी मान आणि एका दृश्यात कोपर. कोपर चांगलं आहे. पण नुसत्या कोपरावर भाची कशी द्यायची? प्रत्यक्षात तो माझ्या शेजारीच बसला होता, पण कलावंत पडद्यावरच पारखावा ह्या मताचा मी असल्याने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याला पूर्वार्धभर चित्रभाषा समजावून सांगितली, तर ‘होय मामा’ ह्यापलीकडे अक्षर नाही. मध्यंतरात तो आणि देवयानी चहा आणायला म्हणून गेले ते चित्रपट संपल्यावर उगवले, चहाशिवाय. (तेव्हा देवयानी काही बोलली तर मनावर घेऊ नकोस. ज्याने उत्तरार्ध पाहिलेला नाही त्याचं मत परीक्षणात धरत नाहीत.)

निष्कर्ष: सुरुवात वेगवान, मधला भाग ढिला, शेवट आधीच ओळखता येणारा. पाचांपैकी दोन. सबब स्थळाला नकार कळवावा.

तुझा धाकटा भाऊ,
सुधन्वा

ता. क. नकार लगेच कळवू नकोस मात्र. मी एक पटकथा लिहिली आहे, तिच्यात एक सेक्शन ऑफिसर एकटा मेट्रोच्या बोगद्यात अतिरेक्यांची टोळी संपवतो. ती दिग्दर्शकाला पोचवायला मी उदयसिंहकडे दिली आहे. तिथून उत्तर येईपर्यंत ‘विचार चालू आहे’ एवढंच म्हणत राहा. पटकथा घेतली गेली तर मुलगा पुष्कळच बरा आहे.

आणखी एक ता. क. वन्सं, नमस्कार. मी अलकनंदा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून लिहिते. ह्यांनी तीन तास पडदा पाहिला, मी मुलगा पाहिला, आणि मला तो फार फार आवडला. बोलत नाही म्हणे! ह्यांच्या शेजारी बसून आजवर कोण बोललंय? चहाचं म्हणाल तर देवयानीने तिथेच काउंटरपाशी त्याला हो म्हणून टाकलं. हौसाबाई पिक्चर सुटल्या सुटल्या मॉलमध्येच तिची ओटी भरायला निघाल्या होत्या, पण चार मजले फिरूनही नारळ मिळाला नाही म्हणून राहिलं. हे तेव्हा हिंमतरावांना छायाचित्रण समजावत होते. घरी आल्यावर मी विचारलं, का गं, एवढं काय पाहिलंस? तर म्हणाली, ‘मामी, इथून गाझियाबादपर्यंत त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही. दिल्लीत असा माणूस मला परत कुठे मिळणार?’ मला रडूच आलं हो. आता एवढंच करा. अण्णासाहेब नकार कळवायला उठले तर त्यांचा हात धरा, आणि ह्यांना फोन करून म्हणा, ‘सुधन्वा, पुन्हा एकदा विचार कर रे, तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही.’ मग हे आठवडाभर येरझाऱ्या घालतील आणि मोठ्या मनाने होकार देतील. ते देतील तेव्हा देतील. तुम्ही उद्याच कार्यालय धरून ठेवा, नंतर तारखा मिळत नाहीत.